बटन, बटन, बटन, बटन, बटन

आमच्या मुलुंड पूर्वेला दहा-पंधरा मिनिटांत किराणा आणून देणारी अ‍ॅपं आता इतकी झाली आहेत की आमच्या वॉचमनने त्यांच्या पोरांना टी-शर्टच्या रंगावरून नावं ठेवली आहेत. त्यातलं एक अ‍ॅप मी गेलं दीड वर्ष वापरते आहे. हा त्याचा रिव्ह्यू. अ‍ॅपचं नाव लिहिणार नाही. लिहिलं की लोक लगेच म्हणतात, "मग दुसरं वापरा ना." दुसरं वापरून पाहिलंय. तिसरंही. भाची म्हणते, आत्या, फरक फक्त रंगाचा आहे. आणि रंगाशी माझं काही देणंघेणं नाही.

मी पाचव्या वर्षापासून पूर्ण अंध आहे. उजव्या डोळ्याला उजेडही कळत नाही, डावा बसवलेला आहे. दादरला अंध मुलींच्या शाळेत शिकले आणि नंतर फोर्टातल्या एका बँकेत ३१ वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. आमच्या वेळी शिकलेल्या अंध मुलीला दोनच नोकऱ्या सुचवायचे, गाण्याच्या बाई नाहीतर ऑपरेटर. माझ्या गळ्याने निर्णय सोपा केला. साडेतीनशे एक्स्टेन्शन तोंडपाठ होती. कुणी नुसतं "ते लोनचे साहेब, ज्यांना सारखा खोकला असतो" म्हटलं तरी मी बरोबर फोन जोडून द्यायचे. एखादा नवा माणूस रुजू झाला आणि त्याचं नाव माझ्यापर्यंत पोचलं नाही, तर मात्र तो त्याच्या टेबलावर बसलेला असूनही बाहेरच्या जगाला सापडत नसे. हे पुढे लागणार आहे म्हणून सांगून ठेवते.

अंध बाई फोन कसा वापरते, हा प्रश्न रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे विचारतात, तेव्हा तेही उरकते. अँड्रॉइड फोनमध्ये स्क्रीन वाचून दाखवणारा टॉकबॅक असतो, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. तो २००९ पासून आहे. दोन्ही फोनसोबतच येतात, वेगळे पैसे पडत नाहीत. घरच्या कॉम्प्युटरवर मी त्याच कामाचं एनव्हीडीए वापरते. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांचं ते काम, २००६ मध्ये सुरू झालेलं, आणि तेही फुकट. फोनवर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोन बोलतो. उजवीकडे स्वाइप केलं की पुढची गोष्ट, डबल टॅप केलं की ती उघडते. माझ्या फोनचा आवाज इतका वेगात ठेवलाय की भाचीला वाटतं कॅसेट अडकली. स्क्रीन मी काळीच ठेवते, बॅटरी वाचते. त्यामुळे लिफ्टमध्ये शेजारचे आजोबा मला रोज सांगतात, "अहो, तुमचा फोन बंद आहे."

यातली मेख एकच आहे. टॉकबॅक स्वतःच्या मनाने फार काही सांगत नाही. अ‍ॅप लिहिणाऱ्याने जे लिहून ठेवलंय ते तो वाचतो. स्क्रीनवर ढकलगाडीचं चित्र आहे आणि त्या चित्रामागे कुणीतरी "कार्ट" एवढा एक शब्द लिहिलाय, तर मला "कार्ट, बटन" ऐकू येतं. नाही लिहिला, तर नुसतं "बटन". म्हणजे तो साहेब टेबलावर बसलाय, पण त्याचं नाव ऑपरेटरला कुणी कळवलेलं नाही.

आता अ‍ॅपकडे वळू. आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरोखरच चांगलं आहे.

डाळी-कडधान्यांचं पान उघडलं की फोन म्हणतो: "तूरडाळ, एक किलो, छापील किंमत एकशे नव्वद रुपये, आताची किंमत एकशे अठ्ठावन्न रुपये, कार्टमध्ये टाका, बटन." डबल टॅप केलं की, "तूरडाळ, एक नग कार्टमध्ये. आणखी एक घ्या, बटन. एक कमी करा, बटन." याचं कौतुक डोळसांना कळणार नाही. बहुतेक अ‍ॅपांत छापील किंमत काट मारून दाखवतात आणि शेजारी नवी किंमत. ती काट टॉकबॅक सांगत नाही. मला एका दमात ऐकू येतं, "एकशे नव्वद एकशे अठ्ठावन्न." यातली कोणती खरी, की दोन्ही मिळून लाखाचा आकडा आहे, हे ताडून ओळखायचं. डाळीच्या पानावर मात्र कुणीतरी बसून विचार केलाय की ऐकणाऱ्याला हे कसं ऐकू येईल. नुसतं लेबल लावलं नाही, वाक्य रचलंय. "एक नग" म्हटलंय.

हे करणारा माणूस मुलगा आहे की मुलगी, मला माहीत नाही. मी मनात तिला डाळवाली म्हणते.

डाळवालीचं काम मला अ‍ॅपमध्ये फिरताना बरोबर ओळखू येतं, जसं एखाद्या घरातली चिंचगुळाची आमटी खाल्ल्यावर आज कुणी फोडणी घातली ते कळतं. तांदूळ, पिठं, मसाले, चहा-साखर ही सगळी पानं तिची. भाजीचं पान अर्धं तिचं. फळं मात्र तिने केलेली नाहीत. तिथे "इमेज, दोनशे वीस, बटन, इमेज, एकशे ऐंशी, बटन." डाळिंब की ड्रॅगन फ्रूट, देवाला ठाऊक. एकदा मी सफरचंद समजून अ‍ॅव्होकाडो मागवले. आठवडाभर ते पिकायची वाट बघत बसले, मग भाचीने पोळीला लावून संपवले.

पहिल्या पानाला डाळवालीला कुणी हातच लावू दिलेला नसणार. तिथे वरच्या बाजूला जाहिराती आपोआप सरकतात. मी शोधाच्या खिडकीकडे जात असते आणि मधेच जाहिरात बदलते, टॉकबॅकचं लक्ष तिकडे उडी मारतं, आणि मी साबणावर जाऊन पडते. त्याच्यावर कडी म्हणजे ऑफरचं घड्याळ. "ऑफर संपायला चार मिनिटं एकोणसाठ सेकंद. चार मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. चार मिनिटं सत्तावन्न सेकंद." प्रत्येक सेकंदाला फोन तेच बोलतो आणि माझं बाकीचं ऐकणं तोडतो. पाच मिनिटं हात जोडून बसायचं. मेल्याची ऑफर संपली की मग खरेदी सुरू.

शाकाहारी-मांसाहारीची खूण हीदेखील अशीच. पाकिटावर हिरवा ठिपका शाकाहारी, हे सगळ्यांना माहीत आहे. मांसाहारी खूण आधी तपकिरी ठिपका होती. २०२०च्या लेबलिंगच्या नियमांपासून तिचा तपकिरी त्रिकोण केला. ज्याला हिरवा आणि तपकिरी वेगळे दिसत नाहीत त्यालाही आता आकारावरून कळतं. मला ही गोष्ट फार आवडली होती. एक गोल बदलून त्रिकोण करायला किती खर्च येतो? तर अ‍ॅपवाल्यांनी तोच ठिपका आणि तोच त्रिकोण चित्र म्हणून चिकटवला आणि मागे शब्द लिहिला नाही. मला दोन्हीकडे "इमेज". श्रावणी सोमवारी मी अंड्याचा केक मागवला. मी काही फार कडक नाही, पण त्या दिवशी शेजारच्या वहिनी चहाला होत्या आणि त्या कडक आहेत.

नकाशाबद्दल दोनच वाक्यं. पत्ता टाकायला "पिन ओढून आपल्या घरावर ठेवा" म्हणतात, आणि नकाशा हा माझ्यासाठी काचेचा गुळगुळीत तुकडा आहे. माझी पिन आधी नाल्यापलीकडच्या शाळेवर पडली, मग भाचीने येऊन नीट लावली, मग अपडेट आला आणि ती पुन्हा शाळेवर गेली. लोकलच्या फलाटावर दिव्यांगांचा डबा जिथे येतो तिथे बीपर वाजतो. त्या टीं-टींच्या रोखाने चालत गेलं की डबा सापडतो. बस, तेवढंच हवं होतं. असो, दोनची पाच वाक्यं झाली.

आता खरी गोष्ट, जिच्यामुळे हे लिहायला बसले.

गेल्या वर्षी हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी पाऊस लागला होता, तो मुंबईचा भाद्रपदातला हट्टी पाऊस. मोदकाची पिठी, चिकीचा नको साधा गूळ, खसखस, जायफळ आणि एक नारळ अशी ऑर्डर दिली. पैसे रोख. वेळ होऊन गेली तरी पत्ता नाही. मी अ‍ॅपमधून डिलिव्हरीवाल्याला फोन लावला. कट. पुन्हा लावला. कट. चार वेळा. मग चॅटवर टिंग वाजलं, उघडलं तर "इमेज". पुन्हा टिंग, "इमेज". मी ३१ वर्षं फोनवर काढलेली बाई. समोरच्याने फोन कट करणं हा माझ्या शब्दकोशातला सगळ्यात मोठा अपमान आहे.

बेल वाजली. दार उघडलं आणि मी सुरू झाले, "काय रे, फोन उचलायला काय होतं? हात मोडलेत का?" उत्तर नाही. पावसाचं पाणी जिन्यात टपकत होतं तेवढंच. एक ओली पिशवी माझ्या हाताला लागली. मी विचारलं, "किती झाले?" उत्तर नाही. "अरे, किती झाले?" मग त्याने माझ्या हातात काहीतरी सपाट, ओलं दिलं. त्याचा फोन. त्यावर काहीतरी लिहिलेलं असणार आणि ते मी वाचावं अशी त्याची अपेक्षा असणार. मी तो उलटा धरला होता, हे मागाहून कळलं. वहिनी त्यांच्या दारातून बघत होत्या. तो दाखवत होता आणि मी बोलत होते. असे आम्ही दोघं बराच वेळ उभे.

कधीतरी त्याचं लक्ष माझ्या डोळ्यांकडे गेलं असावं. त्याने फोन काढून घेतला, माझा उजवा तळहात उघडला आणि त्यावर बोटाने लिहिलं. चार. पाच. शून्य. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या डोक्यातही पडतो.

पाचशेची नोट मी उभी दुमडून ठेवते, शंभरची आडवी, दोनशेची चौपदरी. कारण नव्या मालिकेत शंभर, दोनशे, पाचशे या नोटांची रुंदी सारखी आणि लांबीत चार-चार मिलिमीटरचा फरक, १४२, १४६, १५०. शंभरपासून पुढच्या नोटांना कडेला उंचावलेल्या रेघा असतात, पण नोट जुनी आणि बोटं ओली असली की त्या लागत नाहीत. उभी दुमडलेली दिली. त्याने एक नोट परत दिली. मी सवयीने फोन काढून रिझर्व्ह बँकेच्या 'मनी' अ‍ॅपसमोर धरली. हे अ‍ॅप १ जानेवारी २०२० ला आलं. नोट कॅमेऱ्यापुढे धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं, इंटरनेट लागत नाही. पन्नासची होती. फोन पन्नास म्हणाला ते त्याला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मी अंगठा वर केला. त्याने माझ्या मनगटावर दोनदा थोपटलं आणि जिना उतरला.

वहिनींनी मग माझ्या फोनमध्ये बघून सांगितलं, ऑर्डरच्या पानावर वर पिवळी पट्टी होती: "तुमच्या डिलिव्हरी पार्टनरला ऐकू येत नाही. कृपया फोन न करता मेसेज करा." चॅटमध्ये आलेली चित्रं म्हणजे "मी पोचलो" आणि "मी खाली आहे" अशी तयार स्टिकरं होती. पट्टी चित्र. स्टिकरं चित्र. मला सगळं "इमेज".

आता इथे मला कंपनीला शिव्या द्यायच्या नाहीत, उलट. त्या मुलाला नोकरी दिली हे चांगलंच केलं. आणि अ‍ॅपमध्ये त्याच्यासाठी कुणीतरी मनापासून विचार केलेला दिसतो. त्याला बोलता येत नाही म्हणून एका टिचकीत पाठवायची स्टिकरं, ग्राहकाला आधीच कळावं म्हणून ठळक पट्टी. त्याचीही एक डाळवाली तिथे आहे. माझीही आहे. पण त्या दोघींची कधी भेट झालेली नाही, बहुधा वेगळ्या मजल्यांवर बसत असतील. ग्राहक अंध आणि पोचवणारा कर्णबधिर, अशी जोडी मुलुंडमध्ये एका जिन्यात समोरासमोर येऊ शकते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पट्टीवरचं वाक्य चित्रात न कोरता अक्षरांत लिहिलं असतं तर मी ते ऐकलं असतं, आणि त्या पोराला चार फोन कट करावे लागले नसते. त्याला माझं ओरडणं ऐकू आलं नाही हीच काय ती त्या संध्याकाळची दया.

तेव्हापासून मी सूचनेच्या रकान्यात लिहून ठेवलंय, "मी अंध आहे. बेल वाजवा, दार उघडते. पिशवी हातात द्या." हा रकाना मात्र उत्तम चालतो. तो मुलगा नंतर तीनदा आला. मनगटावर दोनदा थोपटलं की मला कळतं कोण आहे.

रोखीची कटकट नको म्हणून भाचा म्हणाला, आत्या, यांचंच वॉलेट घे. त्याला केवायसी लागतं. कॅमेरा सुरू झाला आणि फोन गप्प. भाच्याने वाचून दाखवलं: चेहरा गोलात आणा. आणला, म्हणजे त्याने माझं डोकं धरून आणलं, न्हाव्याकडे धरतात तसं. मग, पापण्यांची उघडझाप करा. केली. पुन्हा करा. पुन्हा केली. बसवलेल्या डोळ्याची पापणी पूर्ण मिटत नाही, त्याला मी काय करू? तीन प्रयत्नांनंतर निकाल आला: "जिवंत व्यक्ती आढळली नाही."

मी पेन्शनवाली बाई. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देते. तो सरकारला पटतो, या अ‍ॅपला पटला नाही.

कस्टमर केअरची मुलगी गोड आवाजाची होती. म्हणाली, "मॅडम, घरातल्या कुणाची तरी मदत घ्या." म्हटलं, मदत घेऊनच मेले आहे. मग तिला सांगितलं की ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने नेमका याच प्रश्नावर निकाल दिलाय. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि अंध व्यक्ती यांच्या याचिका होत्या. चेहरा जळलेल्या बाईला पापणी मिटता येत नाही म्हणून तिला बँकेचं खातं उघडता येऊ नये का, हा सवाल होता. न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांच्या खंडपीठाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. वीस निर्देश दिले. पापणीची उघडझाप हीच एक परीक्षा ठेवू नका, दुसरे मार्ग द्या. ठरावीक काळाने अ‍ॅपांची तपासणी करून घ्या. अ‍ॅप तयार होत असतानाच्या चाचणीत अंध माणसांना घेता येईल, असंही त्यात आहे. मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमचा फीडबॅक मी पुढे पाठवते." आवाजावरून माणूस ओळखायची माझी सवय आहे. तिने खरंच लिहून घेतलं होतं. पुढे कुठे गेलं, ते पुढच्यांना विचारा. वॉलेट आजही नाही.

३ डिसेंबरची गंमत सांगायची राहिली. तो जागतिक दिव्यांग दिन. १९९२ पासून पाळतात. त्या सकाळी अ‍ॅप उघडलं तर काहीतरी पूर्ण स्क्रीनभर आलेलं. "इमेज. बटन." स्वाइप केलं, "इमेज." ते बंद होईना, कारण बंद करायच्या फुलीला नाव नव्हतं आणि ती कुठल्या कोपऱ्यात आहे ते सापडेना. भाचीला व्हिडिओ कॉल केला. ती आधी हसली, मग गप्प झाली, मग वाचून दाखवलं. व्हीलचेअरवरचा माणूस, काळा चष्मा घातलेली मुलगी, आणि मोठ्या अक्षरांत "आम्ही सर्वांसाठी." त्या दिवशी मला दूध मिळालं ते दुकानातून.

दुकानाचा विषय निघालाच आहे तर सांगते. कोपऱ्यावरचा आमचा कच्छी वाणी कुठल्याही डिझाइनच्या शाळेत गेलेला नाही. पण मिठाच्या पुडीला एक रबर आणि साखरेच्या पुडीला दोन, हे त्याने मी एकदा सांगितल्यावर बारा वर्षं चुकवलेलं नाही. पैसे भरले की गल्ल्याशेजारचा तो बोलका डबा रक्कम मोठ्याने सांगतो. तो डबा खरं तर त्याच्यासाठी आहे, गर्दीत कुणी फसवू नये म्हणून. पण फायदा माझाच जास्त, किती कापले ते दोघांनाही एकदमच कळतं. आता लगेच कुणी डोळे पुसू नका. याच वाण्याने मला मुदत संपलेले टोस्ट दोनदा खपवलेत, दुपारी एक ते चार तो झोपतो, आणि त्याच्या दुकानापर्यंतचा फुटपाथ गेले आठ महिने खणून ठेवलाय. म्हणून तर अ‍ॅप लागतं. मला दया नको, मला रात्री नऊला कोथिंबीर हवी आहे.

आणि हे फक्त माझ्यापुरतंही नाही. वरच्या मजल्यावरचे आजोबा, तेच लिफ्टमधले, ८२ वर्षांचे. दिसतं, पण बारीक दिसत नाही म्हणून फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली आहेत. अक्षरं मोठी केली की या अ‍ॅपमधलं "पैसे भरा" बटन स्क्रीनच्या खाली ढकललं जातं आणि सापडतच नाही. ते आपले कार्ट भरून ठेवतात आणि मुलगा ऑफिसातून यायची वाट बघतात. आमच्या कामाच्या मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या, मराठी वाचतात. त्यांच्यासाठी अ‍ॅप मराठीत केलं. ती मराठी कुठल्या यंत्रातून काढली आहे कोण जाणे. ऑर्डरला "आदेश" म्हणतात. "तुमचा आदेश मार्गावर आहे" हे वाचून मावशी म्हणाल्या, "ताई, कोर्टातून काही आलंय का?" वस्तू नंतर घेण्यासाठी बाजूला ठेवायच्या बटनावर लिहिलंय "नंतर वाचवा." मावशी म्हणाल्या, "कुणाला?"

२०१६चा दिव्यांग हक्कांचा कायदा आला तेव्हा आमच्या संघटनेत पेढे वाटले होते. आधीच्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, त्याचे एकवीस झाले, आणि माहिती-तंत्रज्ञान सगळ्यांना वापरता यावं हे त्यात लिहिलंय. पेढे चांगले होते.

आता अपडेटबद्दल. या फेब्रुवारीत अ‍ॅपचा मोठा अपडेट आला. "नवं रूप, नवा अनुभव." मी नेहमीप्रमाणे डाळीच्या पानावर गेले आणि ऐकलं: "इमेज. एकशे नव्वद एकशे अठ्ठावन्न. बटन. इमेज. दोनशे दहा एकशे शहात्तर. बटन."

मी फोन खाली ठेवला. तुम्हाला हसू येईल, पण माझ्या मनात पहिलं हे आलं नाही की आता तूरडाळ कशी मागवू. पहिलं आलं ते, डाळवाली गेली. नोकरी सोडून गेली असेल, नाहीतर दुसऱ्या खात्यात टाकलं असेल. बँकेत असं व्हायचं. एखादा क्लार्क वर्षानुवर्षं पेन्शनरांना खुर्ची देऊन, फॉर्म भरून द्यायचा. त्याची बदली झाली की दुसऱ्या दिवशी खुर्चीच गायब. कारण ती खुर्ची कुठल्या नियमात नव्हती, त्या माणसात होती. तिच्या जागी आलेल्याने पानाचं रूप नवं केलं, आणि जुन्या चित्रांमागे लिहिलेले ते शब्द त्याला दिसलेच नाहीत. कसे दिसतील? ते डोळ्यांना दिसायचेच नव्हते.

तक्रार केली. तक्रारीच्या फॉर्ममध्ये एक रकाना सक्तीचा होता: "अडचणीचा स्क्रीनशॉट जोडा." म्हणजे मला जे दिसत नाही त्याचा फोटो मी काढून पाठवायचा. पाठवला. काळ्या स्क्रीनचा गेला की काय, तेही माहीत नाही. शेवटी "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा, ट्रॅफिक सिग्नल असलेले चौकोन निवडा." आधी मेलेली, आता रोबो. बढती म्हणायची.

दोन महिने मी पाण्यात हात घालून नाणं शोधावं तशी डाळ मागवत होते. तिसरं "बटन" तूरडाळ, सहावं मूगडाळ, असं पाठ केलं. साडेतीनशे एक्स्टेन्शनची सवय कामाला आली. पण त्यांनी रांग बदलली की मसूर यायची. घरात आता सव्वातीन किलो मसूर आहे. कुणाला हवी असल्यास सांगा.

गेल्या गुरुवारी आणखी एक छोटा अपडेट आला. सहज डाळीच्या पानावर गेले. "तूरडाळ, एक किलो. छापील किंमत..." मी थांबले. परत मागे जाऊन ऐकलं. तेच. शब्द तेच, पण वाक्य थोडं वेगळं: "आणखी एक घ्या" ऐवजी "एक वाढवा." म्हणजे ही डाळवाली नव्हे, दुसरं कुणीतरी आहे. नवं माणूस, जरा घाईतलं, पण कान असलेलं. नकाशाच्या पानावरही एक बटन नव्याने बोलू लागलंय: "पत्ता टाइप करून सांगा." टाइप केला. पिन शाळेवरून उठून आमच्या गेटवर आली. फळं अजून तशीच आहेत.

लगोलग अ‍ॅपने विचारलं, आमचा अनुभव कसा वाटला? मत लिहायच्या खिडकीला नाव आहे, नीट वाचते, तिच्यात हे सगळं लिहून पाठवते आहे. मावेल तेवढं जाईल. वरती तारे द्यायचे होते. बोट फिरवलं. "बटन. बटन. बटन. बटन. बटन." मला तीन द्यायचे आहेत. डावीकडून तिसऱ्यावर डबल टॅप केलं. फोन म्हणाला, "निवडलं." किती, ते नाही म्हणाला.